तारा झोपली होती

वोल्फ्सबुर्ग,
८ डिसेंबर २०२४

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन आठवडे उशिरा का होईना, लिहिलंस, म्हणून रागावणं पुढच्या खेपेला ठेवते. फोनवर का बोलत नाहीस असं विचारू नकोस. फोनवर तुझं अर्धं लक्ष दुसऱ्या स्क्रीनवर असतं आणि तू नुसता हूं हूं करतोस. कागदाला मात्र बसावं लागतं. शिवाय नानांची शिस्त माझ्या अंगातून गेलेली नाही. आपलं भांडण झालं की ते दोघांना दोन कागद द्यायचे, काय झालं ते लिहा म्हणायचे, आणि लिहिलेलं वाचल्यावर कुणालाही उलट प्रश्न करायचे नाहीत. तोंडाने आपण हव्या तेवढ्या थापा मारल्या, पण कागदावर एकानेही कधी मारली नाही.

आता बातमी. गेल्या रविवारी आमच्या फेराइनने, म्हणजे गावच्या शिकारी कुत्र्यांच्या क्लबने, मला अध्यक्ष केलं. हसून घे. ज्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने यायचं, त्या घरातली मुलगी तितर शोधणारी कुत्री तयार करणाऱ्यांची अध्यक्ष! मी अजून एक पाखरू मारलेलं नाही आणि मारणारही नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सभेचा वृत्तांत वेळेवर लिहिणारी, सरावासाठी शेतकऱ्यांकडून शेतं मागून आणणारी आणि तरुण कुत्र्यांच्या वर्गाला पावसातही हजर राहणारी मी एकटीच होते. माझं नाव श्री. ब्रांटमाननी सुचवलं. हा क्लब त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी काढला, मला जे येतं ते त्यांनीच शिकवलं, आणि आमची ताराही त्यांच्याच घरची. इथे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. पहिल्या वेताला A. ताराचं त्यांच्याकडचं विसावं वेत, म्हणून T. आता अख्खं गाव तिला तारा म्हणतं.

नऊ महिन्यांची झाली. गवतात पाखराचा वास लागला की पुढचा एक पाय उचलून अशी थिजून उभी राहते की आपणही श्वास घ्यायचं विसरतो. एप्रिलमध्ये तिची पहिली परीक्षा. त्यात कुत्रं शेतात शोध घेत असताना बंदुकीचे दोन बार काढतात. ते घाबरलं तर वंशावळीच्या दाखल्यावर शेरा पडतो आणि तो जन्मभर पुसला जात नाही. मग ना पुढची परीक्षा, ना पिल्लं. ब्रांटमानना ताराचं एक वेत बघायचं आहे. अठ्ठ्याहत्तर वय झालं त्यांचं, आणि तेवढंच मागतात.

म्हणून पुढचं नीट वाच. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी आणि सत्यजित वीस तारखेला पुण्याला जातोय. ब्रांटमान ताराला ठेवून घ्यायला तयार होते. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, आणि तुझ्या ओवीने कुत्रीसाठी हट्ट धरलाय. घरचं माणूस असताना बाहेर कशाला, असं मीच म्हटलं. फक्त एकतीस तारखेला दुपारी बारानंतर तिला बाहेर काढायचं नाही. तुमच्या फ्रँकफर्टात नव्या वर्षाचे फटाके दिवसाउजेडीच सुरू होतात. खिडक्यांचे रोलाडेन, त्या बाहेरच्या गुंडाळत्या झडपा, खाली, गाणी मोठ्याने, आणि तारा अंगणाकडच्या खोलीत. एवढं कर.

साधनाला व ओवीला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो वाढत राहू दे.

तुझी,
ताई


फ्रँकफर्ट,
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा तू ताराला घेऊन गेलीस आणि घर ओकंबोकं झालं. ओवी तिच्या पांघरुणावर बसून रडली, तेही जर्मनमध्ये. तू एवढ्या घाईत होतीस की चहासुद्धा घेतला नाहीस. एकतीस तारखेचं सविस्तर लिहून पाठव असं गाडीतून ओरडलीस, म्हणून अध्यक्षीणबाईंच्या हुकमाची तामिली करतो.

दुपारी बारानंतर तारा बाहेर गेली नाही. रोलाडेन खाली, गाणी चालू, दारं बंद. बाहेर सगळं शहर फुटत होतं आणि तारा झोपली होती. कागदावर लिहून दिलं, आता नानांच्या नियमाप्रमाणे उलट प्रश्न नाहीत!

तुझी शिकारी कुत्री साधनाच्या हातचा शिरा खाते, हे मात्र तुझ्या फेराइनला कळू देऊ नकोस. तुझी अब्रू जाईल. माझी बढती मार्चमध्ये होईल असं दिसतंय, बॉस खूश आहेत.

आईचा डोळा कसा आहे? लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
श्रीरंग


वोल्फ्सबुर्ग,
३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

आईचा डोळा इतका स्वच्छ झालाय की व्हिडिओ कॉलवर तिला माझ्या ओट्यावरची धूळ दिसते. तिची काळजी नको.

काळजी ताराची आहे. बंदुकीच्या आवाजाची सवय आम्ही हळूहळू लावतो. पिल्लू जेवत असताना लांबून थाळी वाजवायची, मग शंभर पावलांवरून छोट्या पिस्तुलाचा बार, मग दर आठवड्याला थोडं जवळ. नोव्हेंबरात थाळी वाजली की तारा शेपटी हलवायची, कारण आवाज म्हणजे जेवण. आता थाळी वाजली की जेवण टाकून गाडीखाली शिरते. शनिवारी ब्रांटमाननी शंभर पावलांवरून एकच बार काढला, तर शेत ओलांडून पळाली आणि दीड तास सापडली नाही. मी बांधावर चिखलात बसून रडले, हे फक्त तुला सांगते.

ब्रांटमान म्हणाले की कुत्रं असं आपोआप होत नाही, हिला कुठेतरी जवळून धसका बसलाय, भावाला विचारा. मला राग आला. माझ्या भावाने लिहून दिलंय, असं मी त्यांना ठणकावलं. तरीही विचारते. काही झालं असेल तर सांग, मी रागावणार नाही. कारण कळलं तर वाट आहे: एप्रिलची परीक्षा सोडायची, सहा महिने बंदूक बंद, पुन्हा थाळीपासून सुरुवात, आणि शरदातल्या परीक्षेला बसवायचं. कारण कळलं नाही तर ही तात्पुरती भीती समजून आम्ही रेटत राहणार.

लगेच लिही. लोभ आहेच.

तुझी,
ताई


फ्रँकफर्ट,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उगाच मनाला लावून घेतेस. इथे काहीही झालं नाही, हे पुन्हा एकदा लिहून देतो. तारा बारानंतर घराबाहेर पडली नाही.

खरं सांगू का, मला तुमच्या म्हाताऱ्यांचीच शंका येते. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं तूच मागे लिहिलं होतंस. शंभर पावलं समजून त्यांनी पन्नासावरून तर बार काढला नसेल ना? स्वतःची चूक झाकायला माणसं दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतात. तू भोळी आहेस, जरा जपून.

परीक्षा होईल छान. तुझ्या हाताखालची आहे ती. ओवी तिचं चित्र काढून पाठवतेय. लोभ असू दे.

तुझा,
श्रीरंग


वोल्फ्सबुर्ग,
१४ एप्रिल २०२५

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

तारा नापास झाली. वास, शोध, थिजून उभं राहणं, सगळ्यांत उत्तम गुण. परीक्षक आपसांत कौतुकाने बोलत होते. मग गव्हाच्या शेतात पहिला बार झाला आणि तारा जमिनीला चिकटली. दुसऱ्याला तिने अंगाखालीच लघवी केली आणि नंतर माझ्याकडेसुद्धा येईना. दाखल्यावर ‘शुस्शॉय’ असा शेरा पडला, बाराला कायमची घाबरणारी. ब्रांटमान कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. विसाव्या वेताची शेवटची आशा ती.

त्यानंतरचं लिहायला जड जातंय. वर्गातल्या दोघांनी विचारलं की आपली कुत्री ब्रांटमानच्या हाती सुरक्षित आहेत का. शुक्रवारी सभा झाली. ब्रांटमान ठामपणे म्हणाले की त्यांनी शंभर पावलं मोजूनच बार काढला होता आणि कुत्री आधीच घाबरलेली आली होती. मग मी उठले. तुझी दोन्ही पत्रं पिशवीतून काढली आणि ओळ न ओळ जर्मन करून वाचून दाखवली. आमच्या घरात कागदावर खोटं लिहीत नाहीत, हेही सांगितलं. तरुण कुत्र्यांचा वर्ग ब्रांटमानकडून काढून घ्यायचं ठरलं, आणि अध्यक्ष म्हणून मीच ते जाहीर केलं.

त्यांनी गळ्यातली शिंगाची शिट्टी काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि कोट चढवून निघून गेले. चाळीस वर्षांची शिट्टी आहे रे ती. मी योग्य तेच केलं ना? तू लिही. तुझ्या पत्राचाच आधार आहे.

लोभ आहेच, आज जरा जास्त हवा आहे.

तुझी,
ताई


फ्रँकफर्ट,
२ मे २०२५

ती. सौ. ऊर्मिलाताईंस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारी नव्हे हे तुम्हाला माहीत आहे. पण ताराचा निकाल ह्यांच्याकडून काल कळला आणि राहवलं नाही. हे दोन आठवड्यांपासून तुमचं पत्र खिशात घेऊन हिंडतायत, उत्तर काही लिहीत नाहीत. म्हणून मीच बसले.

ताई, तुमचं मन फार मोठं आहे. एवढं होऊनही तुम्ही ह्यांना एका शब्दाने बोलला नाहीत. मी तर त्या दिवशीच म्हटलं होतं की कॉफीला आलेल्या ऑफिसच्या मंडळींना कुत्री दाखवायची तर घरात दाखवा. पण ह्यांना ती माइन नदीच्या काठावर पाखरं कशी हेरते ते बॉसना दाखवायचं होतं. दहा मिनिटं म्हणून चार वाजता नेली. कुणीतरी फटाक्यांची अख्खी माळ तिच्या पायांशी फोडली आणि ती पट्ट्यातून निसटली. तीन तास आम्ही तिला शोधत होतो, ओवी हाका मारून मारून घसा बसवून बसली. शेवटी एका पार्किंगमध्ये गाडीखाली सापडली, थरथरत. दोन दिवस न्हाणीघरातून बाहेर आली नाही. मी शिरा भरवला तेव्हा कुठे खाल्लं तिने.

मीच तेव्हा ह्यांना म्हटलं की ताईंना सगळं लिहा. लिहिलंय, असं हे म्हणाले, म्हणून मी निर्धास्त होते. आमच्यामुळे तुमची एवढी मेहनत वाया गेली, माफ करा. जूनमध्ये दोन दिवस इकडे या, ताराला घेऊनच या.

ओवीचा नमस्कार. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नका.

आपली,
साधना


फ्रँकफर्ट,
११ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच दिवस फोन करतोय, तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. साधनाने लिहिलंय ते खरं आहे. बढतीचं ठरत होतं, बॉस दारात आले होते, मी वाहवत गेलो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, कुत्रं आहे, विसरेल. दुसऱ्यांदा खरं लिहायला बसलो होतो, पण पहिलं पत्र तुझ्याजवळ होतं. एक खोटं झाकायला दुसरं लिहिलं. त्या म्हाताऱ्यांवर ढकलायला नको होतं, एवढं मला कळतं.

एकच विनंती. हे पत्र सभेत वाचू नकोस. तिथे मला कुणी ओळखत नाही, पण तरीही. मी त्यांना फोन करून माफी मागतो. आपल्यात मात्र हे येऊ देऊ नकोस. आपण दोघंच आहोत इथे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
श्रीरंग


वोल्फ्सबुर्ग,
१ जून २०२५

श्रीरंग यास,
आशीर्वाद. ते काढून घेता येत नाहीत.

तुझं पत्र मी सभेत वाचलं नाही. त्याची गरज पडली नाही. शुक्रवारी सभा बोलावली आणि उभी राहून सांगितलं की एप्रिलमध्ये वाचलेली दोन्ही पत्रं खोटी होती, माझी कुत्री माझ्या भावाच्या हातात बिघडली, आणि ब्रांटमाननी मला फेब्रुवारीतच ते सांगितलं होतं. मग अध्यक्षपद सोडलं. राहा म्हणाले काही जण. मला तिथे बसवेना. ब्रांटमान सभेला आलेच नव्हते.

काल शिट्टी घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं, माझं जर्मन पार मोडलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तारा नीट जेवते का. मग म्हणाले की भावाने लिहून दिल्यावर कुणीही त्यावरच विश्वास ठेवला असता, त्यांनीही ठेवला असता. शिट्टी मात्र घेतली नाही. ‘आता मी बार काढला की प्रत्येक जण मनात पावलं मोजणार,’ असं म्हणाले. तुझा फोन आला होता, पण डाव्या कानामुळे नीट ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा तसदी घेऊ नका, असाही निरोप आहे. दार त्यांनी अगदी हळू लावलं, तारा बाहेर गाडीत होती म्हणून.

तू तिला नदीवर नेलंस, ते मी विसरले असते. माणूस वाहवतो. पण फेब्रुवारीत मी तुला विचारलं होतं. नुसतं विचारलं नव्हतं, वाटही दाखवली होती. तेव्हा एक ओळ लिहिली असतीस तर तारा वाचली असती. तू ती ओळ लिहिली नाहीस आणि माझ्या हातात एका निर्दोष माणसाची मान दिलीस. मी ती मुरगळली. तुझा खोटेपणा मी माझ्या तोंडाने, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, नानांचं नाव घेऊन चाळीस माणसांना वाचून दाखवला. माझा विश्वासघात केलास तू, श्रीरंग. दुसरा शब्द मला सापडत नाही.

साधनाला बोल लावू नकोस. तिने एकटीने नानांचा नियम पाळला, आणि तिने तर नानांना पाहिलंही नव्हतं. ओवीला सांग की तारा बरी आहे. ढग गडगडले की माझ्या टेबलाखाली येऊन बसते, एरवी मजेत असते. भेटायला कधीही यावं.

तुझी तिन्ही पत्रं या पाकिटात परत पाठवतेय. यापुढे मला लिहू नकोस, फोन करत जा. मी उचलेन. तू फोनवर काहीही सांग, मला ते खरं धरावं लागणार नाही.

ऊर्मिला