शोभेचे बोल्ट

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. हिची कंबर आता बरी आहे. मुलगी टीव्हीसमोर बसून परीक्षेचा अभ्यास करते. माझ्या डाव्या पायाचा अंगठा तेवढा टम्म सुजलाय, त्याचं पुढे सांगतो.

फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बोलायची पद्धत. हे आधी तू एकटीनं वाचायला हवं. स्वयंपाकघरात जाऊन वाच.

तू विचारलंस, रविवारी बोगद्याच्या उद्घाटनाला पहिल्या गाडीत पुढे बसू की मागे? सांगतो, पण जरा फिरून येतो.

बोगद्याचा कातळ सुटू नये म्हणून त्यात बारा-बारा फुटांचे पोलादी बोल्ट बसवतात. बाहेर दिसते ती फक्त चकती आणि नट. अशा चार हजार बोल्टचे पैसे लोकांच्या करातून भाऊजींच्या कंपनीला मिळाले. काम बघूनच पैसे सुटावेत म्हणून सरकारनं नेमलेला इंजिनिअर मी. (फॉर्मात ‘कंत्राटदाराशी नाते’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, ते तुझ्याच घरी, तुझ्याच पेननं.)

गेल्या मंगळवारी बोगद्यातच जेवायची वेळ झाली. खाली चिखल, म्हणून डब्याची पिशवी भिंतीतल्या एका बोल्टला अडकवली. पिशवी, डबा आणि बोल्ट, तिघेही माझ्या अंगठ्यावर आले. बोल्ट वीतभर होता.

फोरमन धावत आले. तीस वर्षं डोंगर फोडलेला माणूस. मला वाटलं, घाबरले असतील.

"साहेब, तो शोभेचा आहे," ते म्हणाले. "डबा अडकवायचा तर पलीकडचा तिसरा घ्या. तो मी स्वतः बसवलाय. आम्ही सगळे तिथंच अडकवतो."

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"तुम्हाला नव्हतं?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं.

बोल्ट ओढून बघायचं यंत्र आहे आमच्याकडे. पण ते वर्षभर खोक्यातून बाहेर आलेलं नाही, शिपाई त्यावर चहाचे कप ठेवतो. मग मी डबाच घेऊन लंगडत भिंतीच्या कडेनं निघालो. दीड किलोच्या डब्यानं चाळीसातले सतरा बोल्ट काढले. ही विचारते, डब्याला एवढे पोचे कशानं आले. अजून सांगितलेलं नाही.

तसाच भाऊजींकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, डोंगर इतकी वर्षं बोल्टशिवायच उभा होता ना?"

"होता. पण तेव्हा त्याच्या पोटात भोक नव्हतं."

ते हसले. "पुस्तकात सही आहे ना? मग झालं तर."

सही आहे. मोजमाप पुस्तकात प्रत्येक बोल्टपुढे ‘बारा फूट, तपासला’ असं लिहून कुणीतरी प्रत्येक पानावर सही केली आहे. काही सह्या सुरेख आहेत, काही पहिलीतल्या पोरानं केल्यासारख्या.

ताई, फिरणं पुरे. सह्या माझ्या आहेत. तुझ्याच टेबलावर, जेवता जेवता केलेल्या. उजवा हात खरकटा झाला म्हणून शेवटची अकरा पानं डाव्या हातानं उरकली. तू वाढत होतीस. म्हणालीस, "अरे, कशावर सही करतोयस ते बघ तरी." मी म्हणालो, "भाऊजींचंच तर काम आहे." आणि भाऊजी म्हणाले, "त्याला अजून थोडं वाढ."

मी अजून थोडं घेतलंही. त्याची आता फार लाज वाटते.

आज सकाळी तपास कार्यालयात जाऊन तो बोल्ट आणि माझा लेखी जबाब दिला. शिक्का नेमका कुठे मारायचा, असा खिडकीतल्या बाईंना प्रश्न पडला. शेवटी चकतीवर कागद चिकटवून त्यांनी बोल्टला आवक क्रमांक दिला.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"एक माझे भाऊजी, एक मी."

बाईंनी मान वर न करता रकान्यात ‘२’ लिहिलं.

त्यांचे लोक बोगदा बघायला उद्या येतो म्हणालेत. आले तर उद्घाटन टळेल. नाही आले, तर रविवारी मी बोगद्याच्या तोंडाशी डबा घेऊन उभा राहीन आणि सगळ्या पाहुण्यांसमोर अडकवून दाखवीन.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पुढेही बसू नकोस, मागेही नको. भाऊजींनाही बसू देऊ नकोस, गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपव. माझी नोकरी बहुधा जाईल. भाऊजींचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि तुझ्या घरावर हे मी आणलं, हे मनातून जात नाही. रागावायचं तर खुशाल रागाव, पण घरी बसून रागाव. तू त्या बोगद्यातून गेलीस, तर माझ्यावर रागवायला कुणी उरणार नाही.

तुझ्या दारात चौकशीचे लोक यायच्या आधी हे मिळावं म्हणून टपालानं न पाठवता मुलीच्या हाती देतोय. तिला लगेच परत पाठव, टीव्ही बघायला लावू नकोस.

हे पत्र दोनदा वाचलं. मग हात धुतले, आणि उजव्या हातानं सही केली आहे.

तुझा
धाकटा