अंगणातली पाच मिनिटं

३ डिसेंबर १९३४
थंडी वाढली. ह्यांची फटफटी चौथ्या लाथेला सुरू झाली. पाच मिनिटं जागेवरच चालू ठेवून बंद, रोजच्यासारखी. तेवढा वेळ हे ओसरीवर डोळे मिटून, डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचवत. अर्धांगाला वर्ष होईल. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. डिपोटी म्हणून नातेपुत्यापर्यंत शाळा तपासत फिरलेला माणूस. त्या पाच मिनिटांत पूर्वीचा दिसतो. गाडीही त्यानं चांगली राहते.

७ डिसेंबर
सुरूच होईना. दस्तगीर मिस्त्री आले. तेलाच्या टाकीचं झाकण माझ्यापुढे धरलं. आतून पांढरट, ताक सांडल्यासारखं.
"वैनी, रोज कुटं जाता हिच्यावर?"
"कुठं नाही. अंगणातच. पाच मिनिटं."
"मग व्हय! लई मायेनं मारायला लागलाय की हिला."
गार इंजिनात वाफेचं पाणी होतं म्हणे. लांब पळवली, चांगली तापली तर उडून जातं. नाही तर तेलात उतरतं. गरम भाकरी झाकली की झाकणाला पाणी सुटतं, तसंच. इतकी वर्षं चुलीपुढे काढली नि...
तेल बदललं. "मोहोळपत्तुर न्या, न्हायतर हात लावू नका."

८ डिसें.
हात लावला नाही. हे अंगणाकडे बोट दाखवत राहिले. कारण सांगितलं. मान फिरवली. चहा तसाच गार.

१० डिसें.
आजही चहा घेतला नाही.
बारा वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, हिपरग्याच्या तळ्याकडे ह्यांनी मला गाडी शिकवली होती. आठ दिवस. मी सीटवर, हे साइडकारमध्ये, माझी शाल पांघरून. "अगं, रस्त्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस!" किती हसलो. मग नवी पेठेत कुणीसं म्हणालं, "डिपोटीणबाई आता स्वतःच शाळा तपासणार वाटतं!" मी सोडून दिली. ह्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

११ डिसें.
मिस्त्री म्हणाले, मी नेऊन आणतो. मी बरं म्हणणार होते. पण मग आवाज मोहोळला जाणार, हे ओसरीवरच.
"मीच नेते. ह्यांना बसवून."
"तुमी? मग मी मागनं सायकलवर येतो की."
"फटफटीमागं सायकल?"
"तुमच्या मागं पुरंल, वैनी."
हे हसले! तोंडाच्या एका बाजूनं, पण हसले.

१२ डिसें., संध्याकाळ
उद्या ऊन वर आलं की निघायचं. ह्यांना टेकायला दोन उशा, बांधायला जुनं धोतर. मिस्त्रींनी सकाळी मैदानात माझ्याकडून दोन फेऱ्या मारून घेतल्या. वळताना गाडी अजून बाहेर जाते.
"जमेल का हो मला?" विचारलं.
बराच वेळ नुसते ओठ हलले. मग, "रस्त्याकडे..."
पुढचं आलं नाही.
शाल कपाटातून काढून ठेवली होती उद्यासाठी. ह्यांनी ती आत्तापासूनच पांघरली आहे.