तीन इंजिनांवर

देऊळगाव राजा,
ता. ५ फेब्रुवारी १९६७

चि. उत्तम यास पुंजाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. काल एस.टी. स्टँडवर पेपर वाचला. लंडनच्या विमानाचं उडता उडता इंजिन बंद पडलं, अन् त्यात तू होता! तार तरी करायची बे. तुही माय ऐकल्यापासून एकच वेळ जेवून राह्यली. म्हणते, पोरगा जमिनीवरचं काम धरीन तवाच दुसऱ्या वेळचं जेवीन.

मले एक सांग, चार बैलांच्या नांगराचा एक बैल बसला तर आपण नांगर थांबवतो. तुम्ही काऊन थांबले नाही? सोड ते काम. पत्राकडे डोळे लागले आहेत.

पुंजाजी

मुंबई,
ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबा व माय यांचे चरणी साष्टांग नमस्कार. वि. वि. तुम्ही घाबराल म्हणून तार केली नाही. चुकलं.

बाबा, बैल बसला की नांगर जागीच राहतो. विमान तेव्हा सुसाट पळत असतं. ठरलेला वेग ओलांडल्यावर थांबू म्हटलं तर पुढं धावपट्टी पुरत नाही. म्हणून उडायचंच. चार इंजिनांतलं एक बंद पडलं तरी उरलेल्या तिघांवर ते चढतं, बनवतानाच तसं बनवतात. वैमानिकांच्या मागं बसून मी इंजिनांचे काटे बघतो. काटा पडताच सांगितलं, मग समुद्रावर इंधन सोडून वजन उतरवलं आणि तासाभरात खाली आलो. कुणाला खरचटलंही नाही. हात जरासुद्धा कापला नाही म्हणून कॅप्टननं पाठ थोपटली.

अकरा वर्षं विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये तेलात राबून ही खुर्ची मिळाली आहे. तेवढी सोडायला सांगू नका. मायला समजवा.

आपला, उत्तम

देऊळगाव राजा,
ता. २० फेब्रुवारी

चि. उत्तम यास आशीर्वाद. तुहं पत्र तुह्या मायले दोनदा वाचून दाखवलं. ऐकलं अन् ताटावरून उठली. परवा चक्कर येऊन न्हाणीत पडली. मग माह्यानं राहवलं नाही. तुळशीराम मास्तरकडून तुह्या साहेबाले इंग्रजीत लिहून घेतलं, का पोराले धास्ती बसली, हात कापतात, लाजेपायी सांगत नाही, त्याले खालचं काम द्या. सही माही. जिंदगीत पहिल्यांदा खोट्यावर सही केली बाप्पा. राग आला तर येऊ दे, पण लिही.

पुंजाजी

मुंबई,
ता. ३ मार्च

ती. बाबांस नमस्कार. मायला सांगा, सोमवारपासून मी पुन्हा शेडमध्ये, जमिनीवर. तिनं दोन्ही वेळ जेवावं.

काल साहेबांनी बोलावलं. तुमचं पत्र टेबलावर होतं. मला इतका राग आला की तुम्ही समोर असता तर काय बोललो असतो, ठाऊक नाही. साहेब माणूस भला. म्हणाले, कॅप्टननं तर तुझ्याबद्दल उलटंच लिहून दिलंय. हे खोटं आहे एवढं म्हण, आत्ता फाडून टाकतो.

खाली तुमची सही होती, बाबा. मी म्हणालो, "माझे वडील खोटं लिहीत नाहीत."

लोभ आहेच. पुढच्या पत्राला मात्र उशीर होईल.

उत्तम