लालासाहेबांचा रीच

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. इतिहास घडताना कुणीतरी लिहून ठेवलेला बरा, नंतर लोक काहीही सांगतात.
लालासाहेब पंचायत समितीला उभे राहताहेत, मळेवाडी गणातून. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा दोनशेनं पडले, मागच्या वेळी एकसष्ट मतांनी. वय त्रेसष्ट. आता न्हाई तर कवाच न्हाई, असं स्वतःच म्हणाले. या वेळी सोशल मीडिया त्यांनी माझ्याकडे दिला. म्हणजे मी मागितला. चार वेळा.
इस्लामपूर रोडचं माझं फ्लेक्स-डीटीपीचं दुकान फक्त पोटापुरतं. मुळात मी स्ट्रॅटेजिस्ट आहे. उद्यापासून पाचला उठणे.
बायको दीपाली म्हणाली, एकसष्ट मतं म्हणजे वीस घरं, चालत फिरलात तरी होतील. तिला स्केल कळत नाही.

५ जानेवारी, सकाळी ७.४०
पाचला जाग आली नाही. पण विचार पाचपासून चालू असावेत, डोकं जड होतं.

६ जानेवारी
साहेबांचं वेळापत्रक तपासलं. धक्काच बसला. हा माणूस सकाळी आठला कुणाच्या ना कुणाच्या रक्षाविसर्जनाला. गणातल्या सात गावांत कुणीही जाऊ दे, तिसऱ्या दिवशी हे स्मशानात हजर. भाषण नाही, फोटो नाही. राख सावडून होईपर्यंत उभे राहतात, घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि परत येतात. पंचवीस वर्षं हेच. सकाळी आठ ते दहा माझा प्राइम टाइम आणि आमचा उमेदवार राखेत.
मी म्हणालो, साहेब, मेलेल्यांना मत नसतं. ते म्हणाले, मतासाठी कोन जातंय रं. इथंच ते चुकतात.
जाहीरनाम्यात मुद्दाही एकच, सातही गावांत स्मशानाला शेड. पावसात सरण भिजतं, माणसं पत्रे धरून उभी राहतात म्हणे. मुद्दा काढून टाकला. निगेटिव्ह एनर्जी. त्या जागी ‘विकासाचा व्हाइब’ घातलं.

८ जानेवारी
केरबाला भेटलो. हा लालासाहेबांचा शाळेपासूनचा सोबती. दोन्ही निवडणुकांत रिक्षात माइक धरून हाच गावोगाव ओरडत फिरला. दोन्हींत साहेब पडले, यातून काय ते समजावं. रिक्षा या वेळी बंद, असं सांगितलं. मग आमी काय करायचं, म्हणाला. मी म्हणालो, लाइक करा, शेअर करा. म्हणाला, माज्या फोनला बटनं हायत. त्याला खोकलाही लय झालाय. ऑडिओ क्वालिटीच्या दृष्टीनंसुद्धा निर्णय बरोबर.
साहेब जरा नाराज दिसले. मोठ्या बदलाला सुरुवातीला विरोध होतोच.

१० जानेवारी
पहिलं रील. ट्रेंड असा की चुटकी वाजवायची आणि कपडे बदलतात. साहेब उसाच्या फडापुढे, पांढऱ्या लेंगा-शर्टात. चुटकी वाजली की जाकीट आणि गॉगल. चुटकी वाजेना. त्रेसष्ट वर्षांत कधी वाजवली नाही म्हणाले. शेवटी टाळी घेतली. टाळीनंतर कपडे बदलायला फडात शिरले ते वीस मिनिटं बाहेर येईनात. आत ऊसतोडीच्या बाया भाकरी खात बसल्या होत्या. साहेब त्यांच्याशी बोलत बसले, भाकरी खाल्ली आणि त्याच शर्टात बाहेर आले.
रील तसंच टाकलं. टाळी वाजते, काहीच होत नाही. ३१९ व्ह्यूज. सुरुवात म्हणून उत्तम.

१२ जानेवारी
आजचा ट्रेंड बोटाचा. माणसानं हवेत बोट दाखवायचं, तिथं अक्षरं उमटतात. एसटी स्टँडसमोर शूट, पन्नासेक माणसं बघत होती. साहेबांनी चार दिशांना बोट दाखवलं, लय गंभीरपणे. रस्ते, पाणी, वीज, ऊसदर अशी अक्षरं टाकायची होती. गडबडीत राहून गेली.
संध्याकाळपर्यंत एक लाख बारा हजार व्ह्यूज. कमेंट्स भरपूर. एकानं विचारलंय, डास हायत का. दुसऱ्यानं विचारलंय, काका पत्ता सांगतायत का. साहेबांनी विचारलं, लोक काय म्हनत्यात. मी म्हणालो, कुतूहल निर्माण झालंय.
दीपाली बघून हसली. पहिल्यांदा माझ्या कामावर मनापासून प्रतिक्रिया दिली तिनं.

१५ जानेवारी
साहेब अजून स्मशान सोडत नाहीत. आज शूटला आले ते ओल्या केसांनी. रक्षेवरून आल्यावर अंघोळ केलीच पाहिजे म्हणाले. सगळी कंटिन्युइटी गेली.
मुळावर घाव घातला. कुणी गेल्याचा निरोप फोनवर येतो, म्हणून फोनच ताब्यात घेतला. आजपासून फोन माझ्याकडे, महत्त्वाचं असेल ते मी सांगणार. याला डिजिटल डिसिप्लिन म्हणतात. साहेब देत नव्हते. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात, अशी एकटी माणसं फोनला चिकटतात. पन कुनी गेलं तर सांगत जा बाबा, एवढंच म्हणाले.

१९ जानेवारी, पाचगणी
तीन दिवसांचं शूट. बारा रील्स एकदम उरकणार. साहेब स्ट्रॉबेरीच्या मळ्यात, स्लो मोशनमध्ये चालताहेत. आमच्या गणात स्ट्रॉबेरी नाही, पण स्वप्न दाखवायला काय हरकत आहे.
दुपारी सव्वाबाराला फोन वाजला. केरबाच्या घरच्या, पारूबाई. केरबा सकाळी गेला. चारला अग्नी देणार, साहेबांस्नी सांगा, तोंड तरी बघून जातील. रडत होत्या. सांगतो म्हणालो.
सांगणारच होतो. पण साहेब तेव्हा नेमके हसत होते. मळेवाल्याच्या नातीनं त्यांच्या हातावर स्ट्रॉबेरी ठेवली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे नैसर्गिक हसले. तेव्हा सांगितलं असतं तर तीन दिवस चेहरा गेला असता. शिवाय चारपर्यंत पोचणं अवघड. फोनवर पावणेतीन तास दाखवत होतं, पण घाट आहे.
संध्याकाळी सांगू.

२० जानेवारी, पाचगणी
काल संध्याकाळी उजेड फार सुंदर होता. राहिलं.
दीपालीचा फोन. ती केरबाकडं जाऊन आली. साहेबांना सांगितलं का, म्हणाली. मी म्हणालो, योग्य वेळी सांगणार. म्हणाली, योग्य वेळ काल चारची होती. उद्या सकाळी आठला रक्षा आहे, आत्ता निघालात तरी पोचाल. मी तिला कंटेंट कॅलेंडर समजावून सांगायला लागलो तर फोन ठेवला.
उद्या आठला लाइव्ह ठरलेलं आहे. लाइव्ह हलवता येत नाही.

२१ जानेवारी
सकाळी आठला टेबललँडच्या धुक्यातून ‘गुड मॉर्निंग मळेवाडी’. ४१२ जण बघत होते. मध्येच एकानं लिहिलं, साहेब आज केरबाची रक्षा, तुमी कुठं. कमेंट उडवली. साहेबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, ते एक बरं.
परतताना कराड सोडल्यावर सांगितलं. आत्ताच निरोप आला म्हणालो. साहेबांनी गाडी थांबवायला लावली. उतरले. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, तिकडं बघत उभे राहिले. खांदे हलत होते. खरं सांगायचं तर मी मोबाइल काढला होता. इतकं अस्सल फुटेज परत मिळत नाही. पण सूर्य समोरून होता.

२३ जानेवारी
साहेब पारूबाईंकडं जाऊ म्हणाले. मी म्हणालो, आत्ता गेलो तर लोक म्हणतील मतासाठी आले, इलेक्शन झाल्यावर निवांत जाऊ. ते म्हणाले, आता कुठल्या तोंडानं जाऊ. म्हणजे माझं पटलं.

२८ जानेवारी
स्ट्रॉबेरी रील दोन लाख चाळीस हजारांवर. आकडे उघडून बघितले. सर्वांत जास्त बघणारे पाटणा, मग इंदूर, मग सुरत. इस्लामपूर अर्धा टक्का. ब्रँड राष्ट्रीय झालाय. कमेंटमध्ये बहुतेकांनी स्ट्रॉबेरीचा भाव विचारलाय.
चिन्ह मिळालं, कपाट. साहेब म्हणाले, व्हिडिओत कपाट कुठं हाय रं. कपाट घातलं की रीच पडतो, म्हणजे बघणारे घटतात. तरी त्यांच्या समाधानासाठी एका रीलमध्ये मागं घरातलं लोखंडी कपाट ठेवलं. दार अर्धं उघडं, आत गोधड्या. सव्वीस व्ह्यूज. माझंच खरं निघालं.

३ फेब्रुवारी
विरोधी उमेदवार वीरधवल, वय चौतीस. त्याचं अकाउंट तपासलं. एक फोटो, तोही बैलाचा. दोनशे बारा फॉलोअर्स. कीव आली. तरुण असून ट्रेंड कळत नाहीत.
दीपालीला सांगितलं. ती म्हणाली, तो रोज सकाळी आठला रक्षेवर असतो. केरबाच्या वेळीही होता, लाकडं उतरवून घेत होता. आणि स्मशानाला शेड बांधतो म्हणून सांगत फिरतोय.
जुनाट प्रचार. शिवाय आमचाच टाकून दिलेला मुद्दा. घेऊ दे.

१० फेब्रुवारी
मतदान. दिवसभर बूथबाहेर होतो. बारा-पंधरा जणांनी मला ओळखलं, हाच तो व्हिडिओवाला म्हणाले. लाट आहे.
साहेब टेबलाजवळ खुर्चीवर बसून होते. येणारी माणसं नमस्कार करत होती, पण थांबत नव्हती. एक म्हातारा तेवढा थांबला. म्हणाला, साहेब, आमच्यात कुनी गेलं तर तुमी कवा चुकला न्हवता. मी त्याला लिंक पाठवतो म्हणालो, त्यानं नंबर दिला नाही.
विजयाचं रील तयार करून ठेवलं. गुलाल, ढोल, सगळं.

११ फेब्रुवारी
वीरधवल ४,८८६. लालासाहेब ३,२१७.
आकड्यांकडे भावनेच्या भरात बघू नये. एकूण व्ह्यूज नऊ लाख. पाटण्याचे लोक मतदान करू शकत नाहीत, हा सिस्टिमचा दोष आहे. मशीनवर कपाटाचं चित्रही फिकट होतं.
साहेब मोजणीच्या हॉलमधून चालतच घरी गेले. सात किलोमीटर. गाडी घेऊन मागं गेलो, बसले नाहीत.

१२ फेब्रुवारी
स्ट्रॅटेजिस्टनं भावनेत अडकू नये. आमच्यासारखे लोक प्रोफेशनल असतात. वीरधवलला भेटायला गेलो, पाच वर्षांचा डिजिटल प्लॅन घेऊन. गर्दी होती, तरी त्यानं मला पुढं बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. म्हणाला, भरतेशराव, तुमचे उपकार लय हायत. मी भारावलो. प्लॅन पुढं केला. तो म्हणाला, आमाला काय नको. तुमी फकस्त म्होरल्या येळंलाबी लालासाहेबांकडंच ऱ्हावा.
सगळे हसले. मीही हसलो. नारळ गाडीतच ठेवलाय.

१३ फेब्रुवारी
सकाळी सातला साहेब दारात. वाटलं, पुढच्या निवडणुकीचं बोलायला आले. ते म्हणाले, गाडी काढ, आनि पंधरा जानेवारीपासनं गणात कोन कोन गेलं ते सांग. मला सांगता आलं नाही. दीपालीनं आतून येऊन नऊ नावं सांगितली, गाव आणि वाडीसकट.
आठ घरं झाली. साहेब कुठं फार बोलले नाहीत. बसायचे, कसं झालं विचारायचे, ऐकायचे. आता निवडणूक नव्हती, उमेदवार नव्हता, कॅमेरा नव्हता. तरी प्रत्येक घरात अर्धा अर्धा तास बसत होते. चौथ्या घरापासून मला कळायला लागलं की हे असंच चालायचं पंचवीस वर्षं. पाचव्यापासून मी मोबाइल खिशातून काढला नाही.
शेवटचं घर केरबाचं. पारूबाईंनी चहा केला. साहेब म्हणाले, वैनी, मला येळंवर कळलंच न्हाई, निरोपच मिळाला न्हाई. पारूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, आवं, मी फोन केला की. दुपारच्या सव्वाबाराला. ह्यांनीच उचलला. सांगतो म्हनाले. चारला न्यायचं हुतं, तुमची वाट बघत साडेपाचपर्यंत ठेवलं त्यांना. माणसं म्हनाली, आता अंधार पडल, मग उचललं.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. कप खाली ठेवला आणि पारूबाईंना म्हणाले, चूक माजी हाय. माजा फोन मी दुसऱ्याच्या हातात दिला.
परतताना ते मागच्या सीटवर बसले. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. म्होरं बघून चालव, म्हणाले. घरापाशी उतरताना फोन परत मागितला, मी दिला.
संध्याकाळपासून हे पान उघडून बसलोय. आधी लिहिलं, परिस्थितीच तशी होती. खोडलं. मग लिहिलं, टीममध्ये कम्युनिकेशन गॅप झाली. तेही खोडलं. टीम म्हणजे मी एकटाच होतो.
केरबा गेल्याचं मला सव्वाबाराला कळलं होतं. लालासाहेब माझ्यापासून दहा फुटांवर उभे होते. मी त्यांना सांगितलं नाही.