चार बोटं खाली

अण्णा,

सूनबाईनं परवा तुमच्या पलंगावर नवी गादी टाकली. चांगली वीतभर जाडीची, टेम्पोतून आणवलेली. माझी कंबर धरते म्हणून बिचारीनं हौसेनं केलं, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तेव्हापासून पलंगावर बसलं की माझे पाय लोंबकळतात. उतरताना भिंत धरायची, एक पाय खाली सोडून जमीन चाचपडायची आणि ती सापडली की उरलेलं म्हातारपण खाली घ्यायचं. आज तसा उतरलो आणि दम लागून स्टुलावर बसलो, तर समोर पलंगाचे पाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, बापाला चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय.

निजामी गेली, पुढं आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि उस्मानाबादेत पुण्या-सोलापूरकडचे बदलीवाले यायला लागले. त्यांच्या सामानात कारखान्यातल्या ताठ, चौकोनी गाद्या असायच्या. त्यांचं बघून आपल्या लोकांनाही तशाच हव्या झाल्या. घरोघरचे पलंग मात्र जुने, सागवानी, कातीव पायांचे, नवारीच्या सुती पट्ट्यांनी विणलेले. झोळ पडलेल्या नवारीवर ती ताठ गादी काही केल्या बसायची नाही, मग लोक आपल्या सुतारकामाच्या दुकानाची वाट धरायचे. नवार काढून फळ्या ठोकायच्या, लांबी जुळवायची, आणि गादीच्या जाडीनं पलंग उंच व्हायचा म्हणून तो खाली घ्यायचा. या शेवटच्या कामावरून आपलं रोज वाजायचं. माझं म्हणणं, चारही पाय खालून कापून टाकावेत, तासाभरात मोकळं. तुम्ही पायाला करवत लावू द्यायचा नाहीत. बाजूच्या पट्ट्या पायात जिथं शिरतात ती भोकं चार बोटं खाली नव्यानं पाडायची आणि जुनी बुजवायची, म्हणजे पाय तसेच राहून पलंग तेवढा खाली बसतो. एका पलंगाला दीड दिवस जायचा. मी तेव्हा पंचविशीतला, लग्न झालेला, बाहेर तीन पलंग खोळंबलेले. "अण्णा, लोकास्नी झोपायचंय, पाय बघत बसायचं न्हाय," मी म्हणायचो. तुम्ही पटाशी चालवत राहायचा.

तेरच्या मास्तरांच्या आईचा पलंग तुम्ही विसरला नसाल. तुम्ही त्या दिवशी येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला गेला होता आणि मला रान मोकळं मिळालं. दुकानातल्या शहाबादी फरशीवर ठेवला तर पलंग डुगडुगला. मोजून बघतो तर चार पाय चार उंचीचे. करणारा सुतार कच्चा होता म्हणून हसलो आणि सगळे पाय कापून एका उंचीला आणले. तुकडे बायकोनं चुलीत घातले, त्यावर भाकरी झाल्या. पलंग बैलगाडीनं तेरला गेला, आणि चौथ्या दिवशी मास्तर दारात उभे. म्हातारी उतरताना पलंग कलला होता आणि ती हातावर पडली होती.

तुम्ही मला घेऊन तेरला गेलात. त्या खोलीची जमीन शेणानं सारवलेली, मोरीकडं उतरती. त्या उताराचा हिशेब धरूनच जुन्या सुतारानं पाय कमी-जास्त ठेवले होते. म्हातारी हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसलेली. ती तुम्हाला म्हणाली, "माज्या सासऱ्यानं करून घेतला व्हता बाबा ह्यो. कदी हालला न्हाय." तुम्ही माझ्याकडं वळलात. "तुकडे कुठं हायेत?" मी म्हटलं, जळाले. "जमीन बघितली व्हतीस का रं?" एवढंच. मग तुम्ही मांडी घालून बसलात आणि चार पायांखाली चार उंचीचे सागवानी ठोकळे घडवलेत, फळीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवून पुन्हा पुन्हा बघत. मला हत्याराला हात लावू दिला नाहीत. दोन शिव्या हासडल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. निघताना म्हातारीनं डाव्या हातानं माझ्याच हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

त्यानंतर मी कुणाच्या पलंगाच्या पायाला करवत लावली नाही. तुमची पद्धत शिकलो, गावात नाव झालं, कामाची रीघ लागली. तुम्हाला दम्यानं धरलं तेव्हा मोठ्या ऐटीत तुमच्यासाठीही तशी गादी आणली. सगळ्या आळीला दाखवली. तुमचा पलंग उंच झाला. "जरा चार बोटं खाली घे रं. चढाया दम लागतोय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, उद्या घेतो. मनापासून म्हटलं होतं, अण्णा. पण तासाभराची रीत तुम्हीच सोडायला लावली होती आणि दीड दिवस काही केल्या निघेना. लग्नसराई होती, गिऱ्हाईक दारात बसून राहायचं. तुम्ही आणखी एकदा म्हणालात. मी आणखी एकदा उद्या म्हटलं. तिसऱ्यांदा तुम्ही काही म्हणाला नाहीत. पलंगाशेजारी जमिनीवर घोंगडी टाकून झोपायला लागलात. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हितंच बरं वाटतंय." वर गादी कोरी. त्याच घोंगडीवर तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर मी पलंग उलटा केला. चारही पायांच्या आतल्या अंगाला पेन्सिलीच्या खुणा होत्या, प्रत्येक पायावर वेगळ्या उंचीला. आपल्याही घराची जमीन थोडी उतरती आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चार पावलं चाललं की तुम्हाला धाप लागायची. तुम्ही खाली बसून, सरकत सरकत माप घेतलं असणार. मला फक्त भोकं पाडायची ठेवली होती. मी ती पाडली. दीड दिवस लागला. फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला, थेंब सांडला नाही. मग मी तिथंच बसून रडलो. बायको चहा घेऊन आली, तिला म्हटलं भुसा गेला डोळ्यात. माकणीहून आलेल्या ताईला सांगितलं, अण्णांना जमिनीचीच सवय होती. तिनं मान हलवली. पुढं सगळ्यांना तेच सांगत आलो.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, गादीखाली सारून ठेवतो. तुमच्या पलंगाच्या पायांत अजून चार बोटं खाली घ्यायला जागा आहे, आज बोटं लावून बघितली. मुलगा दुकान चालवतो, हात बरा आहे त्याचा. सकाळी विचारत होता, "आबा, गादी बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, लई छान. त्याला सांगितलं तर तो नाही म्हणायचा नाही. उद्या घेतो म्हणेल. ते ऐकायची मला भीती वाटते, अण्णा, म्हणून मी त्याला सांगितलेलं नाही.