सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाचा दम

आप्पा,

आज मी रजेवर आहे. सकाळी जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालून आले तरी दम लागला नाही. छाती अगदी मोकळी आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते आहे. बरं वाटायला लागलं म्हणून घाबरलेलं माणूस तुम्ही कधी पाहिलं नसेल, पण तुमची लेक सध्या तशी झाली आहे. पहिल्यापासूनच सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे माझं काय झालं हे तुम्हाला ठाऊकच नाही.

मी सरकारी नोकरीत आहे, इथेच, सोलापुरात. हवेत धूळ किती, धूर किती आणि त्याने माणसाचं काय होतं याचा अभ्यास करणारं एक कार्यालय आहे. हवा मोजायला सरकार पगार देतं व्हय, असं तुम्ही हसत विचारलं असतं. देतं, आप्पा. पाटी मोठी आणि माणसं मोजकी. मध्यंतरी साहेबांनी फर्मान काढलं की कार्यालयाच्या वेबसाइटवर प्रत्येकाचा परिचय टाकायचा. वेबसाइट म्हणजे साऱ्या जगाला दिसणारी पाटी समजा. शिक्षण काय, आधी कुठे काम केलं, इकडे कसे आलात, सगळं त्यात यायला हवं. माझं मराठी बरं म्हणून हे लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

साहेब माळशिरसकडचे, उसाच्या घरातले. शिकले पावसापाण्याचं शास्त्र आणि आता वाऱ्याबरोबर धूर कुठे जातो ते बघतात. त्यांचा सख्खा भाऊ दर हंगामाला शेतातलं पाचट पेटवून देतो. साहेब त्याच्याशी फोनवर कडाकडा भांडतात आणि मग आमची मीटिंग घेतात. यंत्रं सांभाळणारा मेकॅनिक कुर्डुवाडीचा, त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. तो स्वतः आधी फ्रीज दुरुस्त करायचा. परिचयात काय लिहू विचारलं तर म्हणाला, "लिवा की म्याडम, थंड हवा सोडून घाण हवेकडं आला म्हणून." डॉक्टर आहे ती मैंदर्गीची, माझ्या लेकीच्या वयाची. आईशी फोनवर कन्नडात बोलते, आमच्याशी मराठीत, आणि चिडली की दोन्हीत. आधी सरकारी दवाखान्यात होती. तिथून इकडे बदली का मागितलीस म्हटल्यावर म्हणाली, "तिथं मी खोकल्याचं औषध द्यायची आणि पेशंट ते पिऊन परत त्याच धुळीत जायचा. म्हटलं, आता धूळच बघू."

मोठेपणी आपण धूळ मोजणार असं यातल्या एकाच्याही स्वप्नात आलं नसेल. माझा परिचय मी सगळ्यात शेवटी लिहिला: रसायनशास्त्राची पदवी, मग साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, मग हे कार्यालय. लिहिताना मला जरा ऐट आली होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही सूतगिरणीत होतात याचा त्यात उल्लेख नव्हता. तो तुमचा धंदा, माझा नव्हे, असं मला वाटलं.

गेल्या उन्हाळ्यापासून आमचं काम एका सूतगिरणीत चाललं आहे, कार्डिंग खात्यात. ते खातं काय असतं हे मी तुम्हाला काय सांगू! कापूस विंचरून त्याची जाड वात निघते आणि बारीक तूस हवेतच तरंगत राहतं. कामगारांच्या कॉलरला मी एक छोटं यंत्र अडकवते. ते दिवसभर त्यांच्या तोंडाजवळची हवा ओढून घेतं आणि पाळी सुटली की आतल्या कागदावर बसलेल्या धुळीचं मी वजन करते. पहिल्या दिवशी त्या दारातून आत शिरले तेव्हा तुमच्या सदऱ्याचा वास आला. सरकीचा, तेलाचा आणि कोंदट उष्ण हवेचा. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायका अजून गुळाचा खडा चघळतात, तूस गळ्याखाली उतरतं म्हणून. गूळ पोटात जातो आणि तूस छातीत, दोघांची वाटच वेगळी, हे मला शिकून कळलेलं आहे. तरी त्यांनी खडा पुढे केला की मी घेते.

दिवाळीत लेकीकडे राहून आले आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, दुपार कलल्यावर, छातीभोवती कुणी ओला पंचा पिळून बांधावा तसं झालं. दुसऱ्या दिवशी कमी झालं आणि आठवडा सरेपर्यंत विसरूनही गेले. संक्रांतीच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. मग मी सुट्ट्या घेणंच सोडलं. रविवारीही यंत्रं तपासायच्या निमित्ताने गिरणीत जायला लागले. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, "कामसू माणूस कसा असतो ते बघा." मेकॅनिक कुरकुरला, "तुमच्यापायी आमची बी सुट्टी जाणार बघा."

परवा फुप्फुसाची ताकद बघायचं नवं यंत्र आलं. नळीत जोरात फुंकायचं आणि पडद्यावर रेघ उमटते. डॉक्टरचा नियम असा की कामगारांना फुंकायला सांगण्याआधी आपण सगळ्यांनी फुंकायचं. साहेबांनी फुंकलं. मेकॅनिकने इतकं फुंकलं की डोळे पांढरे झाले. त्यांच्या रेघा टेकडीसारख्या वर जाऊन सरळ उतरल्या. माझी उतरताना मध्येच खोल गेली, सुंभ सैल पडलेल्या बाजेसारखी. "पुन्हा फुंका म्याडम," डॉक्टर म्हणाली. पुन्हा तेच. मेकॅनिक हसत म्हणाला, "म्याडमनी सकाळी न्याहारी केली न्हाय वाटतं." डॉक्टर हसली नाही. तिने विचारलं, दम कधी लागतो? मी म्हटलं, "तसं काही नाही गं. सुट्टीवरून आलं की पहिल्या दिवशी जरा जड वाटतं. काम सुरू झालं की बरी होते. सुट्टी मला मानवत नाही."

आप्पा, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मीच चमकून नळी खाली ठेवली. ते माझं नव्हतंच. डॉक्टरने हळूच विचारलं, "असं आणखी कोण म्हणायचं तुमच्या घरी?" मी म्हटलं, "माझे आप्पा." ते काय करायचे, हे तिने विचारलं तेव्हा माझा परिचय छापून समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता आणि त्यात त्याचं उत्तर नव्हतं.

मी लहान आहे आणि तुम्ही दारात उभे आहात. गिरणीची आठवड्याची सुट्टी आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि कागदात बांधलेला गूळ. आई चुलीपाशीच म्हणते आहे, "आज तरी घरी बसा की वो. रंग बघा तोंडाचा." मी पिशवीला लोंबकळून विचारते, "आप्पा, आज सुट्टी हाय न्हवं?" आणि तुम्ही माझी बोटं सोडवत म्हणता, "सुट्टी मला मानवत न्हाय बघ. एक दिस घरी बसलो की दुसऱ्या दिशी छाती आवळती. काम केलं की लई बरं वाटतं." सुट्टीच्या दिवशी गिरणीत यंत्रं झाडायची टोळी असायची. तिच्यात कुणी खुशीने नाव देत नसे, इतकी धूळ उडायची. तुम्ही आपण होऊन द्यायचात. आम्हाला त्याचा अभिमान होता. चाळीत मी सांगत फिरायचे की आमचे आप्पा सुट्टीसुद्धा घेत नाहीत.

डॉक्टरने मला सगळं समजावून सांगितलं. कच्च्या कापसाच्या धुळीने श्वासाच्या नळ्या आवळतात. रोज धूळ खाल्ली की शरीर सोसायला शिकतं, ओरडायचं थांबतं. सुट्टी मिळाली की ते पुन्हा जागं होतं, आणि कामावर परत आल्याच्या पहिल्या दिवशी मोठ्याने ओरडतं. म्हणजे तुमची छाती तुम्हाला खरं तेच सांगत होती. तिला गप्प करायला तुम्ही रोज थोडी धूळ देत गेलात. सुरुवातीलाच धुळीतून बाहेर पडलं तर नळ्या पुन्हा मोकळ्या होतात, उशीर झाला तर नाही. हे ऐकून मला आधी तुमचा राग आला. मग आईची आठवण झाली. ती काही शिकली नव्हती, तिला फक्त तुम्ही घरी हवे होतात. घरी बसा, एवढंच ती सांगत राहिली.

खात्री करायला डॉक्टरने मला दोन दिवस धुळीपासून लांब ठेवलं आहे. उद्या गिरणीत परतल्याचा पहिला दिवस. पाळीच्या आधी फुंकायचं, पाळीनंतर पुन्हा फुंकायचं. संध्याकाळची रेघ सकाळच्यापेक्षा खाली गेली की ठरलं, तुमचंच दुखणं मला. म्हणून आज मोकळा श्वास आला की मी दचकते. धुळीबाहेर बरं वाटतंय म्हणजे धुळीनेच केलं. काम जाण्याचं मला भय नाही, साहेब टेबलाचं काम देतील. मला भय आहे ते तुमच्या शेवटच्या वर्षाचं. तुम्ही खाटेच्या कडेला बसलेले, कोपरं गुडघ्यांवर, आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणून बसल्या बसल्याच डोळा लावायचा. "पाणी" म्हणायचं, थांबायचं, आणि मग "दे" म्हणायचं. त्या मधल्या थांबण्याची मला भीती वाटते, आप्पा. कालपासून मी घरात उगाचच मोठी मोठी वाक्यं बोलून बघते आहे, एका दमात होतात का म्हणून.

डॉक्टर म्हणते, तुमचं अजून वेळेवर कळलंय. मी मान डोलावते. तिच्यावर माझा विश्वास आहे. पण तुम्हीही माझ्या वयाचे होतात तेव्हा असेच धडधाकट दिसत होतात, हे तिने पाहिलेलं नाही.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, तेव्हा आजचंही सांगून टाकते. कपडे वाळत घातल्यावर मी साडी बदलली आणि रिक्षा करून थेट सूतगिरणीच्या फाटकापाशी गेले. एक पाळी आत काढली असती तर शरीर पुन्हा गप्प बसलं असतं, उद्याची रेघ फारशी खाली गेली नसती आणि मी धडधाकट ठरले असते. हे सगळं शास्त्र मी नीट समजून घेतलं होतं आणि नेमकं त्याच कामाला लावायला निघाले होते. फाटकावरचा म्हातारा रखवालदार मला रोज बघतो. त्याने फाटकातलं छोटं दिंडीचं दार उघडायला हात घातला आणि थांबून विचारलं, "म्याडम, आज तुमची सुट्टी हाय न्हवं?"

तुमचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आतून कार्डिंगच्या यंत्रांचा आवाज येत होता. मग म्हटलं, "व्हय. सुट्टीच हाय." आणि आणलेली रिक्षा अजून तिथेच होती, तिनेच परत आले.

उद्या मी फुंकणार आहे. फाटकापर्यंत गेले होते हे डॉक्टरला सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आत गेला असतात.