आधीचं मूल

प्रिय,
(समोर तुला सिस्टर म्हणावं लागतं, इथे नाही.)

मोठ्या डॉक्टरांनी ताईच्या बाळाच्या काखेतली गाठ चाचपून "आधीचं मूल कशानं गेलं?" विचारलं, तिथंच माझं डोकं फिरलं. त्या गेलेल्या मुलासारखीच या बाळालाही जन्मतः प्रतिकारशक्तीच नाही, म्हणून तू टोचलेल्या क्षयाच्या लशीतले जिवंत जंतू त्याच्या अंगभर पसरलेत. मी तुझा गळा धरायला निघालो होतो. म्हणूनच हे पत्र तुला देणार नाही.

ताईनं अडवलं. "तिनं आधी विचारलं होतं रे, मूल गेलंय का. सांगितलं असतं तर तिनं लस थांबवली असती. हे म्हणाले, पहिलंच आहे."

"चांगल्या कामात मेलेल्याचं नाव कशाला?" भावजी म्हणाले.

मी त्यांचे दोन दात पाडले. रक्त थुंकणाऱ्या भावजींनाच ताई बिलगली. "बाळ राहील न राहील, हे तरी राहू देत मला. तू नीघ."

मी बाहेर पडलो आणि दार लावलं.

तुझाच,
कॉलेज सोडलेला माथेफिरू